‘उजेड अंधुक’ ही नोंद

पावणेनऊ वाजले होते आणि पॅनेलवरचा लाल दिवा उघडझाप करत होता. दहा वाजता पाहुणे यायचे होते. प्लांटसमोर मांडव घातला होता. टेबलावर नारळ आणि हळदकुंकवाची ताटली होती. मीटरवर आकडा होता ५२.

"साहेब, नळी धुवावी लागेल," हमीद म्हणाला. लिंबूसत्वाची पिशवी त्याने आधीच काढून ठेवली होती.

"किती वेळ?"

"पाणी सोडायचं, लिंबूसत्व फिरवायचं, परत भरायचं. चार तास धरा."

"चार तास नाहीत आपल्याकडे."

"मग दिवा लालच राहील."

"नाही राहणार. नळी उद्या धू," मी म्हणालो.

हमीद फडकं घेऊन खोलीच्या खिडकीची काच पुसायला वळला. मी खिशातून किल्ली काढून पॅनेलचं दार उघडलं. आत खालच्या कोपऱ्यात एक छोटं काळं बटण होतं. ते पाच सेकंद दाबून धरलं. मीटरवर १०० आले. लाल दिवा विझला, हिरवा लागला.

हमीदची पाठ माझ्याकडे होती, असं मी पुढे पंचवीसएक वर्षं धरून चाललो.

मी केमिकल इंजिनिअर. पिण्याचं पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. त्यातलं बहुतेक खरं होतं. हे एक प्रकरण कोणी काढलं नाही, कारण ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

हडपसरच्या पलीकडे, तेव्हा नुकत्याच शहरात घेतलेल्या एका गावाच्या कडेला सत्तरेक घरांची वस्ती होती. महापालिकेच्या पाण्याची लाईन अजून तिथवर पोचली नव्हती. सगळी वस्ती एका बोअरवर होती. जवळच इंजिनिअरिंगचा एक कारखाना होता. तिथे यंत्राच्या भागांवरचं तेल आणि ग्रीस काढायला सॉल्व्हंट वापरायचे. सॉल्व्हंट म्हणजे तेलकटपणा विरघळवणारं रसायन. वापरून झालेलं सॉल्व्हंट मागच्या खड्ड्यात ओतायचे. वर्षानुवर्षं ओतलं. ते खडकाच्या भेगांतून झिरपत बोअरपर्यंत पोचलं.

ही गोष्ट कुठल्या प्रयोगशाळेने शोधून काढली नाही. ती सिंधूताईंनी शोधली. सिंधूताई तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. चाळिशीच्या. गोठ्यात तीन म्हशी, आणि तोंडाला कधीच कुलूप नाही. "पानी गार आसलं की काय न्हाय. तापवलं की ग्वाड वास येतो. न्हानीत डोकं गरगरतं," असं त्या भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत. एकाने त्यांना सांगितलं, बंब नवा असेल. त्या म्हणाल्या, "बंब माझ्या लग्नातला हाय. तुमीच नवं दिसताय." अखेर कोणीतरी पाणी तपासायला नेलं आणि त्यांचं नाक बरोबर निघालं. पाणी गरम केलं की हे सॉल्व्हंट वाफेबरोबर बाहेर येतं. गार पाण्यात त्याचा वास सहसा कळत नाही, म्हणून लोक ते निर्धास्त पितात.

कारखान्याला हुकूम झाला की वस्तीला शुद्ध पाणी द्या. काम आमच्याकडे आलं.

असं रसायन पाण्यातून काढणं सोपं नसतं. तुरटीने ते जात नाही, क्लोरिनने जात नाही, घरातल्या गाळणीने तर नाहीच. आमची पद्धत प्रकाशाची होती. पाण्यात थोडं पेरॉक्साईड सोडायचं. जखमेवर लावल्यावर फसफसतं तेच. मग ते पाणी एका स्टीलच्या पिंपातून न्यायचं. पिंपात अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही किरणांचे दिवे असतात. हे किरण पेरॉक्साईडचे तुकडे करतात. ते तुकडे इतके आक्रमक असतात की समोर येईल त्या सॉल्व्हंटच्या कणाला फोडून टाकतात. नीट चाललं तर शेवटी उरतं पाणी, थोडा वायू आणि चिमूटभर मीठ. पुढे कार्बनची एक टाकी असते. उरलंसुरलं पेरॉक्साईड तिथे संपतं.

सगळा खेळ प्रकाशाचा. दिवा थेट पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून तो क्वार्ट्झच्या नळीत ठेवतात. क्वार्ट्झ म्हणजे काचेसारखाच पदार्थ, पण त्यातून यूव्ही किरण आरपार जातात. या नळीला आम्ही स्लीव्ह म्हणतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. गरम स्लीव्हवर त्याचा पांढरा-तांबूस थर बसतो, पाणी तापवायच्या भांड्याला आतून बसतो तसा. थर बसला की दिवा आत जळत राहतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून पिंपाला एक सेन्सर असतो. तो प्रकाश मोजतो आणि टक्क्यांत आकडा दाखवतो. पण शंभर टक्के म्हणजे किती, हे त्याला आपण शिकवावं लागतं. नवा दिवा, स्वच्छ स्लीव्ह, मग ते काळं बटण. बटण दाबताना जो प्रकाश असेल त्याला सेन्सर शंभर मानतो. त्याहून जास्त उजेड पडला तरी मीटर शंभराच्या वर जात नाही. आकडा ७० च्या खाली आला की लाल दिवा लागतो आणि स्लीव्ह धुवायची.

त्या दिवशी खरा उजेड ५२ होता. पेरॉक्साईड यायला उशीर झाला म्हणून प्लांट तीन आठवडे, पुढे चालायचा तसा दिवसातून दोन-तीन तास नव्हे तर रात्रंदिवस, नुसत्या बोअरच्या पाण्यावर चालवला होता, त्यात थर बसला होता. त्या ५२ ला मी मीटरला शंभर म्हणायला शिकवलं.

माझा बेत साधा होता. समारंभ होऊन जाऊ दे. उद्या हमीद स्लीव्ह धुईल, मी येऊन बटण पुन्हा दाबीन, मीटर पुन्हा खरा होईल. चोवीस तासांचं खोटं. आमच्या धंद्यात प्लांट ताब्यात देण्याच्या, म्हणजे हॅंडओव्हरच्या दिवशी लाल दिवा चालत नाही. तो कसा घालवायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही.

लॉगबुकात मी माझ्या हाताने लिहिलं, ‘स्लीव्ह स्वच्छ. सेन्सर सेट केला. मीटर १००.’ खाली सही केली. नारळ फुटला. प्लांटमधून निघालेल्या पाण्याचा पहिला पेला सगळ्यांसमोर मी प्यायलो. दुसरा सिंधूताईंना दिला. त्यांनी तो हुंगला, मग प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमी पेलात म्हनून पेते."

दुसऱ्या दिवशी हमीदने स्लीव्ह धुतली. मी मात्र कोल्हापूरला होतो. तिथला एक प्लांट बंद पडला होता आणि आमचे मालक आगाशे साहेब यांनी मला पहाटेच्या गाडीने पाठवलं होतं. पॅनेलची किल्ली माझ्या खिशातच राहिली.

हमीद तांबोळी आमचा ऑपरेटर. तिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला मोजका. त्याचे वडील खडकीत गॅसबत्त्या दुरुस्त करत. लग्नाच्या वराती, गणपतीचे मांडव, सगळीकडच्या बत्त्या त्यांच्याकडे येत. हमीद त्या दुकानात वाढला. आमच्याकडे लागल्यावर त्याने त्याच वस्तीत खोली घेतली. घरात आई आणि बायको शकीला. तेच पाणी ते पीत.

लॉगबुक कसं लिहायचं हे मीच त्याला शिकवलं होतं. आमचा नियम कडक. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर चुकीच्या ओळीवर एक रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे. खाली बरोबर नोंद, दुरुस्तीची तारीख, सही. तो नियम त्याने इतका मनावर घेतला होता की एकदा नुसतं ‘सोमवार’ऐवजी ‘मंगळवार’ लिहिलं गेलं, तरी रेघ मारून सही केली होती.

कोल्हापूरला मी महिनाभर अडकलो. दोन-तीन आठवड्यांनी हमीदचा कारखान्याच्या गेटवरून ऑफिसला आणि तिथून मला असा निरोप आला. मी फोन लावला.

"साहेब, मीटर हलत नाही."

"म्हणजे?"

"शंभर म्हणजे शंभरच. आधी दोन-दोन, तीन-तीन उतरायचा."

"चांगलंच आहे की. पाणी सुधारलं असेल."

"बोअरचं पाणी कसं सुधारेल साहेब? खिडकीतून उजेड अंधुक दिसतोय."

पिंपाला जाड काचेची एक छोटी खिडकी असते. घातक किरण तिच्यातून बाहेर येत नाहीत, नुसता निळसर उजेड दिसतो. दिवा चालू आहे की नाही एवढंच पाहायला ती असते. उजेड मोजायला नाही.

"अंधुक हे युनिट कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो.

"पुस्तकात नाही साहेब. बत्तीची काच काळवंडली की वात चांगली असूनही उजेड असा पडतो. मी नळी धुऊन घेऊ का?"

"मीटर किती?"

"शंभर."

"मग प्लांट चार तास बंद ठेवायचं कारण काय सांगशील कारखान्याला? सत्तरच्या खाली आल्याशिवाय धुवायचं नाही. नियम आहे."

नियम माझाच होता. त्याखाली सही माझी होती.

आता मला विचाराल, फोन ठेवताना बटण आठवलं होतं का? आठवलं होतं. मी विसरलो असं पुढे मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं, पण ते खरं नाही. खरं असं की बटण चुकीच्या वेळी दाबलं हे सांगायचं, तर हॅंडओव्हरचं सर्टिफिकेट खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. मी ठरवलं की परत गेलो की गुपचूप जाऊन दाबून येईन. परत आलो तो दुसऱ्या कामात पडलो. हडपसर काही कोल्हापूरइतकं लांब नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात पाण्याचा नमुना तपासला. रिपोर्ट उत्तम आला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तिथेही माझं शिक्षण कमी पडलं नाही, प्रामाणिकपणा कमी पडला. कार्बनची टाकी फक्त पेरॉक्साईड संपवत नाही, ती सॉल्व्हंटही शोषून धरते. स्पंज पाणी धरतो तशी, भरेपर्यंत. यूव्हीतून न फुटता आलेलं सॉल्व्हंट कार्बन पकडत होता. रिपोर्ट उत्तम होता कारण आमचं पाप कार्बन झाकत होता. हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल.

पाचव्या महिन्यात कार्बन भरला.

सिंधूताई सकाळी प्लांटवर आल्या आणि हमीदसमोर तांब्या ठेवला. वाफ येत होती. "हुंग," म्हणाल्या. हमीदने हुंगलं, पंप बंद केला आणि मला फोन करायला धावत गेटवर गेला. पंप बंद करायचा अधिकार त्याला नव्हता. वस्तीला त्या दिवशी पाणी मिळालं नाही आणि तासाभरात प्लांटसमोर माणसं गोळा झाली.

मी पोचलो. आम्ही पिंप उघडलं. स्लीव्हवर तांबूस थर होता, नखाने खरवडावा इतका. उघडण्याआधी मीटर ७८ दाखवत होता, म्हणजे हिरवा दिवा चालू होता. पण ते ७८ टक्के त्या ५२ चे. खरा उजेड चाळीस होता.

"मी म्हणालो होतो साहेब," हमीद म्हणाला. एवढंच.

मी त्याला बाहेर जाऊन लोकांना समजावायला सांगितलं. तो गेल्यावर लिंबूसत्वाने स्लीव्ह स्वतः धुतली, पिंप भरलं, दिवा लावला. मग किल्ली काढून बटण दाबलं. पाच सेकंद. या वेळी शंभर खरं होतं. आणि मीटर कधी खोटा होता याचा पुरावाही त्या पाच सेकंदांत संपला.

ऑफिसात आगाशे साहेबांनी विचारलं, "लेले, सेन्सरमध्ये दोष?"

"मी तपासला. सेन्सर बरोबर आहे."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

"मग हा पठ्ठ्या चार-साडेचार महिने शंभर-शंभर लिहीत काय बसला होता?" त्यांच्यासमोर मी केलेला तक्ता होता. तारीख आणि मीटरचा आकडा. "शेवटचे काही दिवस सोडले तर रोज शंभर! शाळेत कधी मिळाले नव्हते म्हणून इथे भरून काढले? खोटं लिहायलासुद्धा थोडी कल्पकता लागते हो. अधूनमधून अठ्ठ्याण्णव तरी लिहायचं."

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"तो मीटर न बघताच आकडे भरत होता, असंच ना?"

"तसं दिसतं खरं," मी म्हणालो.

लॉगबुकात तीन रकाने होते. तारीख, मीटर, शेरा. मी केलेल्या तक्त्यात दोनच होते. शेऱ्याच्या रकान्यात हमीदने पहिल्या काही आठवड्यांनंतर जवळजवळ रोज लिहिलं होतं, ‘उजेड अंधुक.’ कुठे, ‘उजेड अंधुक. साहेबांना फोन केला.’ कुठे, ‘उजेड फार अंधुक. नळी धुण्याची परवानगी नाही.’ साहेबांनी मूळ वही मागितली असती तर मला द्यावी लागली असती. त्यांनी मागितली नाही. मी ती तपासणीसाठी म्हणून घरी आणली होती. ती घरीच राहिली.

चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे. त्यावर आगाशे साहेबांची सही आहे आणि माझी आहे. हमीदला कामावरून काढलं.

वस्तीला ते कारण कारखान्याने सांगितलं. हमीदने कोणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "मी मुद्दाम असं करीन का? माझी आई तेच पाणी पिते." हे वाक्य मला तिथल्या वॉचमनने नंतर सांगितलं. अहवाल लिहिताना आमच्यापैकी कोणालाही हा साधा प्रश्न सुचला नव्हता. मला सुचला होता, मी तो पुसला. महिन्याभरात तांबोळी कुटुंब वस्ती सोडून गेलं.

कार्बन बदलला. प्लांट पुढे नीट चालला. काही वर्षांनी तिथे नळ आले आणि प्लांट भंगारात गेला. त्या महिन्यात कार्बन भरल्यावर लोकांच्या पोटात किती दिवस काय गेलं, हे मी सांगू शकत नाही. बाहेर पडणारं पाणी रोज कोणी तपासत नव्हतं. पुढे वस्तीत कोणी आजारी पडलं, तर ते त्या पाण्याने की आणखी कशाने, हेही कोणी सांगू शकणार नाही. म्हणून माझ्यावर कधी काही सिद्ध होणार नाही. या ‘म्हणून’वर मी बरीच वर्षं झोप काढली.

मला बढती मिळाली. नव्या मुलांना मी शिकवायचो, "आधी स्लीव्ह, मग बटण. उलटं कधीच नाही." एकदा एका मुलीने विचारलं, "सर, असं उलटं कोणी करतं का?" मी म्हणालो, "सांगून ठेवलेलं बरं."

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. विश्रांतवाडीत घराजवळच्याच डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई. विचारलं, "आजोबा, काय होतंय?"

मी म्हणालो, "उजेड अंधुक दिसतो."

त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. कुठल्या पुस्तकातलं युनिट, असं विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागल्यावर पहिलं काम कपाटातून ती वही काढण्याचं केलं.

हमीदचा पत्ता शोधायला फार त्रास पडला नाही. खडकीत बाजारात एकाला तांबोळी बत्तीवाले म्हटल्यावर त्याने बोट दाखवलं. त्याच जागी आता मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. आतला माणूस पांढऱ्या दाढीचा होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"या लेलेसाहेब," म्हणाला, आणि स्टूल पुढे केलं.

मी बसलो. तोंडातून आधी ‘हमीद’ निघालं, मग म्हणालो, "हमीदभाई, तुम्हाला एक सांगायचंय." आणि सांगितलं. बटण, किल्ली, तक्ता, वही. तो पंख्याच्या मोटरला तार गुंडाळत होता. हात थांबले नाहीत.

माझं संपल्यावर म्हणाला, "मी बघितलं होतं."

"काय?"

"तुम्ही बटण दाबलं ते. खिडकीची काच पुसत होतो ना. काचेत मागचं दिसतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलायचं? तुमच्या शब्दापुढे माझा शब्द? आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल." मोटर बाजूला ठेवली. "आज सांगतील, उद्या सांगतील, असं वर्षभर वाटायचं. मग वाटायचं बंद झालं. बरं झालं त्याने, कामात लक्ष लागलं."

"आई?"

"आई गेली. वयाने गेली, दुसरं काही नाही. पण वस्तीतले लोक तिला म्हणाले ते तिने शेवटपर्यंत घोकलं. तुझ्या पोराने आम्हाला विष पाजलं म्हणून. शकीला सिंधूताईंकडून रोज विरजण आणायची. त्यांनी दारातून परत पाठवलं होतं तिला."

मी पिशवीतून वही काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने हात पुसले, मगच हात लावला. पानं उलटली. आपलं अक्षर पाहिलं. हॅंडओव्हरच्या दिवसाचं पान काढलं आणि वही माझ्याकडे फिरवली. कानावरचं पेन काढून दिलं.

"नियम तुम्हीच शिकवलाय," म्हणाला.

मी ‘स्लीव्ह स्वच्छ’ या ओळीवर एक रेघ मारली. खाली लिहिलं, ‘स्लीव्ह अस्वच्छ असताना सेन्सर सेट केला. त्यामुळे मीटर खोटा. ऑपरेटरच्या नोंदी सर्व बरोबर.’ तारीख आजची. सही.

त्याने ते सावकाश वाचलं. मला वाटलं वही ठेवून घेईल. त्याने ती परत माझ्या हातात दिली.

"हे मला माहीत होतं साहेब. ज्यांना माहीत नाही त्यांना नेऊन दाखवा."

पुढच्याच आठवड्यात गेलो. वस्तीच्या जागी आता दोन उंच इमारती आहेत. पण कोपऱ्यात सिंधूताईंचं घर उभं आहे, गोठ्यासकट. म्हैस एकच उरलीय. ताई बाजेवर बसल्या होत्या. ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा म्हणाल्या, "पैला पेला पेलेलं तुमीच न्हवं?"

"मीच."

सगळं सांगितलं. त्यांची नात कॉलेजला जाणारी, ती दारात उभी राहून ऐकत होती. ताईंनी वही तिच्याकडे दिली. "वाच."

तिने खोडलेली ओळ वाचली. खालची दुरुस्ती वाचली. मग आपणहून पुढची पानं काढून वाचत सुटली. "उजेड अंधुक. उजेड अंधुक. साहेबांना फोन केला. उजेड अंधुक. उजेड फार अंधुक..." ताईंनी हात वर केला तेव्हा थांबली.

"खाली ह्यांनी लिवलंय ते किती हाय?" ताईंनी नातीला विचारलं.

"दोन-तीन ओळी आहेत आजी."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील अशी माझी तयारी होती. पण त्या म्हणाल्या, "दोन-तीन वळींचं काम हुतं व्हय हे? येवढ्यापायी मी त्या पोरीला इरजण न्हाय दिलं?"

खडकीला कसं जायचं ते त्यांनी मला विचारलं. मी रिक्षा आणतो म्हणालो. "तुमच्यासंगट नगं," त्या म्हणाल्या. "नात नेईल."

वही त्यांनी ठेवून घेतली.

चौकशीच्या अहवालाचं काय झालं मला माहीत नाही. कंपनी बंद झाली, आगाशे साहेब वारले. तो अहवाल दुरुस्त करायला आता कोणी नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो. हडपसरच्या त्या प्लांटवरचा ऑपरेटर हमीद तांबोळी याने हलगर्जीपणा केला नाही. त्याने जे पाहिलं ते रोज लिहिलं, वेळेवर कळवलं आणि अधिकार नसताना पंप बंद केला. हलगर्जीपणा माझा.

या धंद्यात येणाऱ्यांसाठी धडा एवढाच. मीटर खोटा असू शकतो, कारण त्याला शंभर कोणीतरी शिकवलेलं असतं. शेऱ्याचा रकाना वाचत जा.